‘काउंटर शून्य करून घेतलाय, आता चालेल ना?’

दिवाळी जवळ आली की एकाच गाडीबद्दलची पत्रं वाढतात. २००२ ते २००९ या काळातली मर्सिडीज ई-क्लास, लंबगोल चार दिव्यांची, कंपनीच्या भाषेत डब्ल्यू-२११. आपल्याकडे ती पिंपरीत जोडली जायची. आज नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळते, आणि शंकाही त्याच त्याच येतात. म्हणून या वेळी फक्त हीच गाडी.

२००५ ची गाडी, मीटरवर ४२ हजार किलोमीटर. एजंट म्हणतो, डॉक्टरांची एकहाती गाडी आहे. विश्वास ठेवावा का? (नाशिक)

नाही. मीटर मागे घेणं काही मिनिटांचं काम आहे. सर्व्हिसची जुनी बिलं मागा. ब्रेक पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालं असेल, तर ते ४२ हजार विसरा.

गिअर ऑईल कधीच बदलावं लागत नाही, असं शोरूममध्ये सांगितलं होतं. खरं का? (ठाणे)

‘आयुष्यभराचं ऑईल’ ही विक्रीची भाषा आहे. साधारण साठ हजार किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला. पाच गिअरची ऑटोमॅटिक पेटी असेल, तर वायरिंगचा जोड जिथे पेटीत जातो तिथे बोट फिरवून बघायला सांगा. त्या सॉकेटच्या रबरी रिंगा कडक झाल्या की ऑईल वायरींच्या आतून चढत जातं आणि थेट गिअरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. सॉकेट स्वस्त आहे, कॉम्प्युटर नाही. बोटाला तेल लागलं तर त्याच आठवड्यात काम करून घ्या.

माझी २००४ ची ई २७० सीडीआय आहे. मीटरवर ‘सर्व्हिस ब्रेक’ असा इशारा येत होता. एका गॅरेजवाल्याने लॅपटॉप लावून ब्रेक पंपाचा काउंटर शून्य केला, आठ हजार घेतले. आता इशारा येत नाही. दुसरे एक जण म्हणाले, बॅटरी कमजोर असली तरी असा इशारा येतो, काळजी नको. नवा पंप फार महाग आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत चालेल ना? (सातारा)

नाही चालणार. हे उत्तर मी वर्षानुवर्षं देतोय, तरी दर महिन्याला कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीत एसबीसी (सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल), म्हणजे विजेवर चालणारे ब्रेक आहेत. साध्या गाडीत तुमच्या पायाचा जोर, व्हॅक्युमच्या मदतीने, थेट चाकांपर्यंत जातो. एसबीसीमध्ये पेडल फक्त कॉम्प्युटरला सांगतं की किती जोरात थांबायचंय. खरा दाब देतो तो विजेचा पंप. तो ब्रेक ऑईल साधारण १४० ते १६० बार दाबाने एका टाकीत भरून ठेवतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या साठ-सत्तर पट. सकाळी शांत पार्किंगमध्ये गाडी उघडा आणि कान द्या. बॉनेटखाली बारीक घुरघुर ऐकू येईल, तोच हा पंप.

या पंपाच्या मोटरचे कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) झिजतात, टाकीत दाब टिकवणारा नायट्रोजन वायू हळूहळू कमी होतो. म्हणून बनवणाऱ्यांनीच आत मोजणी ठेवली: सुमारे तीन लाख वेळा ब्रेक मारला की इशारा. सातारा रोडच्या गर्दीत रोज गाडी चालवणाऱ्याचे तीन लाख किती लवकर भरत असतील, तुम्हीच हिशेब करा. काउंटर शून्य केल्याने झिजलेला कार्बन भरून येत नाही. तुम्ही आठ हजार देऊन फक्त इशारा बंद केलात.

बॅटरीचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते जास्त घातक. या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत, मोठी डिकीत आणि छोटी बॉनेटखाली. व्होल्टेज पडलं की ब्रेकचा इशारा येतो, हे बरोबर. पण तुमचा इशारा काउंटर शून्य केल्यावर गेला, बॅटरी बदलून नव्हे.

पंप बंद पडला तर ब्रेक पूर्ण जात नाहीत. पण मग तुमच्या पायाचाच जोर उरतो आणि तोही फक्त पुढच्या दोन चाकांना मिळतो. पेडल खोल जातं, दोन्ही पायांनी दाबावं लागतं. दोन वर्षांपूर्वी खंबाटकी उतरून एक गृहस्थ तसेच माझ्याकडे आले. सोबत पत्नी आणि आई. गाडीतून उतरल्यावर त्यांचा उजवा पाय थरथरत होता, बसायला स्टूल दिलं तरी पाच मिनिटं थांबेना. त्यांच्याही पंपाचा काउंटर कुणीतरी शून्य केलेला होता, गाडी विकण्याआधी. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

हा दोष काही मी शोधलेला नाही. याच ब्रेकपायी कंपनीने मे २००४ मध्ये जगभरातून ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या, आणि २००६ च्या नव्या रूपात एसबीसी काढून साधे व्हॅक्युमचे ब्रेक दिले. भंगारातला पंप काउंटर शून्य करून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकणारेही आहेत. आतली मोटर बदलल्याचं लेखी मिळत नसेल तर घेऊ नका.

कंपनीचा स्कॅनर असलेल्या गॅरेजला गाडी टोचन करून न्या. त्या स्कॅनरवर दाब तपासून घ्या आणि पंपाचा निर्णय तिथल्या माणसाशी समोरासमोर बोलून करा. पंप परवडत नसेल तर गाडी उभी ठेवा. कृपा करून घाटात नेऊ नका.

घरासमोरच्या मिस्तरीकडून ब्रेक पॅड बदलून घेतले तर? (कोल्हापूर)

२००६ च्या आधीची गाडी असेल तर नको. काम चालू असताना कुणी नुसतं दार उघडलं तरी पंप जागा होतो आणि पॅड दाबणारा कॅलिपर आवळला जातो. मिस्तरीची बोटं आत असतात. आधी स्कॅनरने एसबीसी बंद करावं लागतं.

एअरमॅटिक, म्हणजे हवेचं सस्पेन्शन असलेली गाडी रात्रीत पुढून खाली बसते. कॉम्प्रेसर दोनदा बदलला. (छत्रपती संभाजीनगर)

हवा गळतेय. गळती तशीच ठेवून कॉम्प्रेसर बदलला तर तिसराही जळेल. साबणाचं पाणी लावून आधी सस्पेन्शनचे हवेचे फुगे आणि पाईपचे जोड तपासा, कॉम्प्रेसरसोबत त्याचा रिलेही बदला.

ई २८० पेट्रोल, इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाला म्हणतो सेन्सर. (पुणे)

असेलही. पण या व्ही-६ इंजिनच्या सुरुवातीच्या लॉटमध्ये बॅलन्स शाफ्टच्या (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्याच्या) गिअरचे दात झिजतात आणि त्याचा बिघाडाचा कोडही कॅमशाफ्ट सेन्सरसारखाच दिसतो. त्यासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं, खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. सेन्सर विकत घेण्याआधी इंजिन नंबर तपासा. नंबर त्या लॉटमधला निघाला, तर दुसऱ्या जाणकाराचं मत घ्या.

दिल्लीची डिझेल गाडी निम्म्या किमतीत मिळतेय. (सांगली)

२०१५ च्या हरित लवादाच्या आदेशापासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तिथे गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून स्वस्त. पैसे देण्याआधी ‘वाहन’ पोर्टलवर आरसीची स्थिती बघा. एनओसी हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागेल. पंधरा वर्षं उलटली असतील तर फिटनेस करून री-पासिंग आणि हरित करही आला. तुमच्या आरटीओत आधी जाऊन विचारा. एजंटाच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका.

वर्षाला किती खर्च धरावा? (डोंबिवली)

पहिल्या वर्षी गाडीच्या किमतीएवढी रक्कम बाजूला ठेवता येत असेल तरच घ्या. त्यातली पहिली रक्कम ब्रेकवर.

घेण्याआधी तपासणीला तुमच्याकडेच आणू का? (पिंपरी)

कुणाकडेही न्या, पण गाडी लिफ्टवर चढवून आणि स्कॅनर लावून. विकणारा लिफ्टवर चढवू देत नसेल तर तिथूनच परत या.