जुनी, खासगी मालकीची शववाहिका वडिलांच्या अंत्ययात्रेला वापरता येते का?

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. तुमचे बाबा अजून आहेत, पण डॉक्टरांनी हात टेकलेत. त्यांच्या मित्राकडे, म्हणजे तुमच्या काकांकडे, साठेक वर्षांची, जिवापाड जपलेली शववाहिका आहे आणि ‘मला त्याच गाडीतून न्या’ असं बाबा स्वतःच म्हणून राहिले. नागपुरात प्रतापनगरहून सहकारनगर घाटापर्यंत ती नेता येईल का, कायदा आडवा येतो का, लोक काय म्हणतील, असे तीन प्रश्न तुम्ही एका दमात विचारलेत. शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. लोक त्या दिवशी कुजबुजतील आणि तेरवीला जेवताना तीच गोष्ट चार जणांना रंगवून सांगतील. तो विषय सोडून द्या.

आम्ही हे केलं आहे. माझे मोठे मामा मेकॅनिक होते, महाल भागात गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज. एका मंडळाने भंगारात काढलेली शववाहिका त्यांनी विकत घेतली, जुनी मॅटाडोर. मामी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. दारात असली गाडी कोण उभी करतं? मामांचं डोकं मात्र यंत्रात. मॅटाडोर पुढच्या चाकांवर ओढली जाते, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तिच्या पोटाखालून जातच नाही, म्हणून मागची फळी इतकी खाली बसवता येते, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून दाखवायचे. ‘चार म्हातारे असले तरी तिरडी आत सरकवतील. उंच गाडीत छातीपर्यंत उचला लागते, मग कोणाचा तरी हात सुटते.’ त्यांनी पत्रा ठोकला, इंजिन उघडून बांधलं, आतून पांढरा रंग दिला. गल्लीतल्या गरिबाघरची चार-पाच मयतं तिच्यातून गेली, एक पैसा न घेता. आणि मे महिन्यात मामाच गेले, तेव्हा मामीच म्हणाली, ‘काढा ती गाडी.’

आता तुमचा कायदा. साध्या, घरच्या आजारपणातल्या मृत्यूत घरच्यांनी खासगी गाडीतून पार्थिव घाटावर नेलं तर कोणी अडवत नाही. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि बाबांचं आधार मात्र खिशात ठेवा, घाटावर नोंद करताना तेच मागतात. अपघात किंवा संशयाचं काही असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पोलीस आणि शवविच्छेदन आधी, गाडी नंतर. बाबा दवाखान्यात गेले तर तिथून घरापर्यंत अॅम्ब्युलन्सच करा. सरकारी मेडिकल असो की खासगी दवाखाना, तिथल्या आवारात जुनी गाडी उभी करून वॉचमनशी हुज्जत घालायची ती वेळ नसते. काकांची गाडी घर ते घाट एवढ्यापुरतीच ठेवा.

खरी मेख गाडीच्या नोंदणीत आहे. काकांना आरसी दाखवायला सांगा, आजच. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. आरसीवर गाडी खासगी म्हणून असेल, नूतनीकरण केलेलं असेल, विमा आणि पीयूसी चालू असेल तर प्रश्न नाही. पण शौकीन माणसं हल्ली दुसरं काहीतरी करतात. जुलै 2021 मध्ये केंद्राने नियम केला: 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी 20 हजार, मुदत 10 वर्षं, आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए येतं. दिसायला ती पाटी लय भारी. मात्र अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनाला, विंटेज रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, पेट्रोल भरायला नाहीतर दुरुस्तीला. अंत्ययात्रा त्या यादीत नाही. तेव्हा प्लेटवर व्हीए दिसलं तर आरटीओत एखाद्या जाणत्या माणसाला आधी विचारा, नाहीतर गाडी नुसती दारात फुलं वाहून उभी ठेवा. व्हीए नसेल, साधाच नंबर असेल आणि वरचे कागद चालू असतील तर निश्चिंत राहा.

आणि काकांना भाडं म्हणून एक रुपया देऊ नका. ते घेणारही नाहीत, पण एखादा उत्साही नातेवाईक पाकीट पुढे करतो. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने वापर चालत नाही. वाटेत कोणाला धक्का लागला तर विमा कंपनी त्याच्याकडेच बोट दाखवेल.

तुम्ही लिहिलंय की गाडीत तळाला रूळ, म्हणजे फिरणारे रोलर, आहेत आणि बाजूला खुंट्या. म्हणजे ती पेटीसाठी बांधलेली आहे. अमेरिकेतल्या जुन्या शववाहिका अशाच असायच्या: शवपेटी रुळांवरून सरकवायची, खुंट्यांनी अडकवायची. तिकडे 1970च्या दशकापर्यंत कित्येक गावांत एकच गाडी सकाळी रुग्णवाहिका आणि दुपारी शववाहिका म्हणून पळायची, आणि त्या गाड्या पाळणाऱ्यांची प्रोफेशनल कार सोसायटी 1976 पासून आहे. आपल्याकडे मात्र पेटी नाही, तिरडी. बांबूचा बुडखा रुळावर ठेवला की पहिल्या ब्रेकला तिरडी पुढे ड्रायव्हरच्या पाठीला. रुळांवर जाड प्लायवूडची फळी टाका, तिच्यावर सतरंजी, आणि सुती दोराने दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना बांधा. आणखी एक, टेप घेऊन आतली लांबी मोजा. तिरडी बांधणारे सवयीने बांबू लांब ठेवतात. आमच्याकडे गाडी मामांचीच, मोजमाप त्यांना तोंडपाठ, पण सांगायला तेच नव्हते. बांबू हातभर बाहेर राहिला, मागचा दरवाजा लागेना. शेवटी गॅरेजमधल्या पोराने करवत आणली आणि तिथे सगळ्यांसमोर बांबू कापला. तो करवतीचा आवाज मामी अजून विसरली नाही. तुम्ही आधी मोजा.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. जुनी गाडी पळताना बंद पडत नाही, चालताना बंद पडते. माणसांच्या पावलांनी, पहिल्या गिअरवर, हाफ क्लचमध्ये, आणि नागपूरच्या उन्हात. रेडिएटरला वारा लागत नाही, काटा चढत जातो. आमची गाडी गंगाबाई घाटाच्या अलीकडेच उकळली. पुढून वाफ, मागे शंभरेक माणसं, आणि दुपारचे साडेबारा. ड्रायव्हर पोरगा रडकुंडीला आला. मामांचा एक जुना गिऱ्हाईक, ट्रकवाला, पुढे आला, म्हणाला, ‘न्यूट्रल कर आणि स्टिअरिंग धर.’ आणि लोकांनी गाडी ढकलली. कोणी हाताने, कोणी खांदा लावून, पांढरे कपडे ग्रीसने काळे करत, घाटाच्या फाटकापर्यंत. मागे मामांचे दोन व्याही होते, वीस वर्षं एकमेकांशी न बोलणारे, एकाच बंपरला हात लावून. मामा असते तर आधी थर्मोस्टॅटला शिव्या घातल्या असत्या.

तुमच्या काकांची गाडी पेट्रोलवर असणार. तिला उकळण्याशिवाय आणखी एक रोग: उन्हात कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोलचीच वाफ होते आणि इंजिन घुसमटून बंद पडतं. जुने ड्रायव्हर यासाठी फ्युएल पंपावर ओलं फडकं गुंडाळतात, दोन बाटल्या पाणी जवळ ठेवतात. ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल आल्यापासून जुने रबरी पाइप आणि गॅस्केटही लवकर खराब होतात, तेवढे बदललेत का ते काकांना विचारा, हा प्रश्न त्यांना आवडेल. त्यांना एका संध्याकाळी गाडी पायी चालायच्या वेगाने अर्धा तास फिरवायला लावा. जमली तर जमली. नाही जमली तर गाडी सरळ तिच्या चालीने घाटापर्यंत न्या, लोक आपापल्या गाड्यांनी येतील. आणि काहीही झालं तरी एक साधी शववाहिका फोनवर सांगून ठेवा, रिकामी मागे येऊ द्या. हे काकांना कळू देऊ नका म्हणणार होतो, पण सांगूनच टाका.

गाडीमुळे खांदा सुटतो, याचं वाईट घरच्यांना नंतर वाटतं, त्या घाईत नाही. म्हणून घरापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत खांद्यावर न्या, मग गाडीत. घाटाच्या फाटकापासून पुन्हा खांदा. विसाव्यालाही गाडी थांबवून तिरडी खाली घ्या, तेवढ्यासाठी दोराची गाठ सुटी गाठ असू द्या. विस्तवाचं मडकं गाडीत अजिबात ठेवायचं नाही, पेट्रोलच्या जुन्या टाकीजवळ तर नाहीच. ते धरणारा पुढे चालेल, किंवा लांब असेल तर मडकं रिकामं न्या आणि विस्तव घाटावर करा. गुरुजी कुरकुर करतील, करू द्या. लाह्या आणि चिल्लर उधळणाऱ्यांना मात्र काचांपासून लांब ठेवा, त्या गाडीच्या काचा आता मिळत नाहीत.

गाडी कोणी चालवायची? काका म्हणतील, मीच. त्यांचा हक्क आहे, पण मित्राला शेवटचं नेताना डोळ्यांत पाणी असतं आणि त्या गाडीचे ब्रेक आजच्यासारखे नाहीत. शेजारच्या सीटवर ती गाडी हाताळलेला दुसरा माणूस बसवा. काकांना थांबायचं असेल तर त्यांनी नुसतं उतरावं, कोणाला समजावत बसायची वेळ येऊ नये.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. घाटावरून परतताना लोक आंघोळीच्या घाईत मिळेल त्या गाडीवर बसून निघून जातात, आणि शववाहिकेत परत बसायला कोणीच तयार नसतं. आमचा तो ड्रायव्हर पोरगा एकटाच, गार झालेलं इंजिन पुन्हा चालू करून, रिकामी गाडी घेऊन महालात आला आणि गॅरेजच्या शटरपाशी तासभर तशीच लावून आत बसून राहिला. काकांबरोबर परत कोण बसणार, ते नाव आत्ताच ठरवून ठेवा.