हीट पंप कोणाकडून बसवून घ्यावा?

प्रश्न : नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात आमचे दुमजली घर असून घरात सहा माणसे आहेत. गच्चीवरील सोलर वॉटर हीटरची टाकी गंजून गळू लागल्यामुळे तिच्या जागी २०० लिटरचा हीट पंप (हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणारे विजेचे यंत्र) बसवण्याचा विचार आहे. तीन जणांकडून कोटेशन घेतले. पहिल्याने घर न पाहता फोनवरच भाव सांगितला. दुसऱ्याचा भाव सर्वांत कमी असून तो जुन्याच पाइपलाइनला जोडून देतो म्हणतो. तिसरा गच्चीवर येऊन मापे घेऊन गेला, पाणी नळाचे की बोअरचे हेही त्याने विचारले. मात्र त्याचा भाव सर्वांत जास्त आहे. यांतला भरवशाचा कोण, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : यंत्र कोणत्याही चांगल्या कंपनीचे घेतले, तरी ते वीज वाचवणार की नाही हे बरेचसे बसवणाऱ्याच्या हातात असते. म्हणून भाव पाहण्याआधी कोणी तुम्हाला काय काय विचारले, ते आठवून पाहा. सहा माणसे सकाळी एकापाठोपाठ आंघोळ करतात की दिवसभरात, बादलीने की शॉवरने, न्हाणीघर टाकीपासून किती लांब आहे, घराचा मंजूर वीजभार किती आहे, हे कळल्याशिवाय टाकी किती लिटरची हवी हे कोणालाही सांगता येत नाही. त्यामुळे फोनवर भाव सांगणाऱ्याचा विचार सोडून द्यावा.

उरलेल्या दोघांना वर्षभरात वीज किती वाचेल, ते विचारा. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ७ युनिट उष्णता लागते. गीझरला त्यासाठी निदान तेवढी वीज लागतेच. हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे त्याचे काम साधारण दोन ते अडीच युनिटांत होते. पण हा झाला हिवाळ्याचा हिशेब. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरील टाकीतले पाणी उन्हानेच इतके तापते की दुपारी नळाखाली हात धरवत नाही, आणि त्या दिवसांत वाचवण्यासारखी वीजच फारशी नसते. तेव्हा जो हिवाळ्यातल्या बचतीला सरळ १२ ने गुणून आकडा सांगतो, त्याने एकतर आपल्या गावाचा विचार केलेला नाही किंवा तो तुम्हाला अर्धेच सांगत आहे. याउलट जाणकार माणूस यंत्राचा टायमर दुपारचा लावायला सुचवतो, कारण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरत असला तरी दुपारची हवा उबदार असते, हवा जितकी उबदार तितकी वीज कमी लागते, आणि टाकीचे आवरण चांगले असले तर दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरेसे गरम राहते.

एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण पुष्कळ घरांत बिल तिथेच फुगते. बहुतेक हीट पंपांच्या टाकीत जादा मदतीसाठी गीझरसारखा एक हीटर बसवलेला असतो. ग्राहकाची ‘पाणी कोमट येते’ अशी तक्रार येऊ नये म्हणून काही मेकॅनिक तो कायम चालू ठेवून निघून जातात; पाणी भरपूर तापते, घरचे समाधानी असतात, आणि दोन महिन्यांनी बिल पाहून यंत्रालाच दोष दिला जातो. म्हणून हीट पंपाच्या वायरिंगवर एक छोटा सबमीटर लावून मागा आणि काम संपल्यावर बसवणाऱ्यासमोरच चाचणी घ्या. २०० लिटर पाणी २८ अंशांवरून ५० वर नेण्यासाठी सुमारे ५ युनिट उष्णता लागते. उबदार दुपारी मीटरवर दीड-पावणेदोन युनिट दिसले तर काम ठीक आहे, तीन-चार युनिट दिसले तर तो हीटर चालू आहे किंवा जोडणीत दोष आहे. शेवटचा हप्ता या चाचणीनंतर देण्याची अट जो बिनतक्रार मान्य करतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

दुसऱ्याचा भाव कमी आहे तो बहुधा जुन्या पाइपमुळे. क्षारयुक्त पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या पाइपात आतून पांढरा थर बसून वाट अरुंद होते आणि गच्चीवरच्या उन्हाने बाहेरचे फोमचे आवरण भुगा होऊन गळून पडते. अशा पाइपातून पाणी खाली येईपर्यंत वाचवलेली उष्णता वाटेतच जाते. गरम पाण्याची लाइन नवी सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची), आवरणासह आणि वरून उन्हापासून संरक्षण देऊनच घ्यावी.

पाणी नळाचे की बोअरचे हे विचारले, त्यावरून तुमची टाकी गंजली ही गोष्ट तिसऱ्यानेच मनावर घेतलेली दिसते. स्टीलच्या अनेक टाक्यांत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते, आणि क्षार जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यात लवकर संपते. ती कुठे आहे, किती दिवसांनी पाहायची आणि बाहेर ओढायला पुरेशी जागा राहील का, असे त्याला विचारा. तसेच भरलेल्या टाकीचे वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे जाते, तेव्हा स्टँड बीमवर येईल ना आणि त्यासाठी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोके पाडणार नाही ना, हेही ठरवून घ्या. यंत्रावर सावली असावी, पण हवा अडता कामा नये.

बाहेरचे यंत्र आणि टाकी वेगवेगळी असतील, तर त्यांच्यामधले (एसीत असतो तशा) गॅसचे पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावणार का, हे स्पष्ट विचारा. थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ढकलून देण्याची सवय काही एसी मेकॅनिकांना असते; त्याने ओलावा आत राहतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. विजेचे काम परवानाधारक वायरमनकडून, स्वतंत्र एमसीबी (जादा भार झाल्यास वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळल्यास ती लगेच तोडणारा स्विच) आणि तपासलेल्या अर्थिंगसह व्हावे; पाण्याच्या यंत्राबाबत यात तडजोड नको.

तेव्हा तिसराच निवडावा. मात्र टाकी, कॉम्प्रेसर आणि मजुरी यांची वॉरंटी किती वर्षांची, आणि दुरुस्तीला माणूस नागपुरातून येणार की बाहेरगावाहून, हे त्याच्याकडून लेखी घ्या. यंत्राच्या क्रमांकासह जीएसटी बिल घ्या. त्याने बसवलेले, एक उन्हाळा-हिवाळा काढलेले एखादे घर पाहून या. तिथे पाणी गरम येते का यापेक्षा, बोलावल्यावर तो आला का, हे विचारा. काम शक्यतो दिवाळीच्या आधी उरका. मार्चपासून हेच मेकॅनिक एसीच्या कामांत गुंततात आणि घाईत काम करतात. एवढे करूनही फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

प्रश्न : मनीषनगरातील फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच राहतो. एक विक्रेता गीझर काढून हीट पंप घेण्याचा आग्रह करत आहे. घ्यावा का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : माझ्या मते घेऊ नये. दोघांना दिवसाला ५० लिटर गरम पाणी धरले, तरी हिवाळ्यात जेमतेम सव्वा युनिट वाचेल आणि उन्हाळ्यात जवळजवळ काहीच नाही. एवढ्यावर हीट पंपाची किंमत लवकर वसूल होणार नाही. शिवाय बंद बाल्कनीत त्याला मोकळी हवा मिळत नाही. गीझरचे पाणी ५० अंशांवर ठेवा, आणि एवढे साधे गणित न सांगता आग्रह धरणाऱ्याकडून पुढे कधी दुसरे यंत्रही घेऊ नका.