अमेरिकेतली मराठी शाळा ५०१(सी)(३) (म्हणजे करसवलत मिळालेली धर्मादाय) संस्था असेल, तर निवडणुकीत उमेदवाराला पाठिंबा देता येतो का?

नाही. उमेदवार शाळेतल्याच मुलाचा बाबा असला तरी नाही. १९५४ पासून कायद्यात ही बंदी आहे (सिनेटर लिंडन जॉन्सन यांची दुरुस्ती) आणि तिला 'थोडंसं चालतं' अशी पळवाट नाही. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा गणपतीच्या स्टेजवरून शाळेतर्फे 'यांनाच मत द्या' म्हटलं, तर करसवलत धोक्यात येते. घरी अंगणात पाटी लावा, स्वतःच्या खिशातून देणगी द्या, तो तुमचा हक्क. सर्व उमेदवारांना सारखा वेळ देऊन चर्चा ठेवली किंवा निःपक्षपणे मतदार नोंदणी केली तरी चालतं.

कायदे बदलण्यासाठी आमदारांकडे पाठपुरावा करणं ही वेगळी गोष्ट. त्याला मर्यादेत परवानगी आहे, फक्त ही मर्यादा मोघम आहे. म्हणून अमेरिकेच्या कर खात्याचा (आयआरएस) फॉर्म ५७६८ भरून टाका. मग हिशोब खर्चावर होतो: शाळेच्या वर्षाच्या पहिल्या ५ लाख डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या २०% रक्कम पाठपुराव्यावर खर्च करता येते. म्हणजे वर्षाला ५०,००० खर्च करणाऱ्या शाळेला १०,००० डॉलर. स्वयंसेवकांचा फुकटचा वेळ यात धरत नाहीत, आणि आपल्या शाळा तर त्यावरच चालतात!

गंमत म्हणजे, हा फॉर्म भरलेल्यांसाठी स्थानिक स्कूल बोर्ड हे कायदेमंडळ धरलं जात नाही. त्यामुळे मराठीला हायस्कूलमध्ये क्रेडिट द्या, ही मागणी बोर्डापुढे बिनधास्त मांडा; ती या मर्यादेत मोजली जात नाही.

सरकारी अनुदान मिळत असेल, तर त्यातला एक डॉलरही अशा पाठपुराव्यावर खर्च करू नका. त्याचा हिशोब वेगळाच ठेवा.