झोपेतून ओरडत उठणारे मिस्टर

प्रश्न : माझे मिस्टर सैन्यातून निवृत्त झालेत. दोन वर्षं झाली, रात्री ओरडत उठतात. हलवून जागं केलं तर हात उगारतात, मग रडतात. फटाके वाजले की घामाघूम होतात. मी काय करू? – एक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, हलवून उठवणं आजपासून बंद करा. अर्धवट झोपेत त्यांना तुम्ही ओळखू येत नाही, स्पर्श हल्ल्यासारखा वाटतो. दिवा लावा, पायथ्याशी हातभर लांब उभ्या राहा आणि शांतपणे सांगा, ‘‘मी आहे, आपण साताऱ्यात घरी आहोत.’’ भान आलं की दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. स्वप्नात काय दिसलं, हे रात्री खोदून विचारू नका.

दिवाळीत खिडक्या लावा, कानात बोळे द्या. मात्र बाजार, लग्नकार्यं सगळंच टाळू नका. टाळत गेलं की भीती घट्ट होते. झोपेसाठी दारू तर नकोच, उत्तररात्री झोप मोडते.

दोन वर्षं म्हणजे आता मानसोपचारतज्ज्ञ हवेतच. मनावर बसलेल्या आघातावरचा वर्तनोपचार, म्हणजे तज्ज्ञाशी बोलत करायचा उपचार, बहुधा ८ ते १२ सत्रांचा असतो. सर्ट्रालिनसारख्या नैराश्य-चिंतेवरच्या गोळीचा गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. मधेच बंद करू नये. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठीही फोन करा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर एकटं सोडू नका. परवान्याची बंदूक असल्यास पोलिस ठाण्यात जमा करता येते.