काळ्या जमिनीत पॉवर वीडरने गादीवाफे: आधी वाफसा, मग रिजर

समुद्रपूर तालुक्यातल्या भाऊंनी विचारलंय की घरामागे दहा गुंठे काळी जमीन आहे, सात एचपीचा पेट्रोल पॉवर वीडर, म्हणजे हाताने धरून चालवायचं पात्यांचं मशीन, घेतलाय. गेल्या जूनमध्ये मागे रिजर (सरी पाडायचं अवजार) लावून हळद आणि वांगी-मिरचीसाठी गादीवाफे करायला गेलो तर नुसती ढेकळं निघाली, वाफा मधे खोलगट राहिला आणि पहिल्या मोठ्या पावसात काठ ढासळले. आता मोठं बेड मेकर अवजार घ्यावं का?

भाऊ, अवजार घेऊ नका. तुमच्याकडे जे आहे त्यात दहा गुंठे आरामात होतात. मी दारव्हा तालुक्यात राहते, आमची पंधरा गुंठे हळद आणि घरापुरता भाजीपाला सात वर्षांपासून असल्याच मशीनवर आहे. तुमच्या तीनही तक्रारी मी स्वतः भोगल्यात आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं कारण वाफशाचं, म्हणजे मातीतल्या नेमक्या ओलीचं आहे, म्हणून आधी तेच सांगते.

आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. ओल्या मातीत पाती फिरली की ती माती फुटत नाही, मळली जाते. कणिक मळावी तशी. मग दोन दिवस ऊन पडलं की त्याच्या विटा होतात. आणि अगदी कोरड्यात मशीन घातली तर पाती वरच्यावर उड्या मारतात, दगडासारखी ढेकळं उपटून बाजूला फेकतात. मधली जी अवस्था आहे, तो वाफसा, तो भारी जमिनीत दोन-तीन दिवसच टिकतो. तेवढ्यात काम उरकायचं.

वाफसा बघायला वरची माती हातात घेऊन उपयोग नाही, वर नेहमीच कोरडं दिसतं. खुरप्याने बोट-दीड बोट नाही, चांगलं चार-पाच इंच खाली उकरा, तिथली मूठभर माती घ्या, दाबून लाडू वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. लाडू पडून भुगा झाला तर मशीन काढा. नुसताच चपटा झाला तर थांबा. लाडू वळतच नसेल तर पाणी कमी आहे. मी आणखी एक करते, तीच माती तळहातावर देवाच्या वातीसारखी वळून बघते. बोटभर लांब वात न तुटता झाली, तर अजून दोन दिवस घरात बसते.

एका वर्षी मी बसले नव्हते. तेव्हा मशीन आमची नव्हती, भाड्याने आणलेली होती, दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. मृगाचा पाऊस पडून दीड दिवस झाला होता. वरून जमीन पांढुरकी दिसली म्हणून चालवली. वाफे दिसायला इतके सुबक झाले की शेजारचे बघायला आले. आठवड्याने उघडीप पडली आणि त्या वाफ्यांना आडव्या भेगा गेल्या. वांग्याची रोपं उपटून बघितली तर मुळं भेगेच्या कडेकडेने पसरलेली, वाफ्याच्या आत एकही शिरलेलं नाही. ती शंभर-सव्वाशे रोपं त्या हंगामात गुडघ्याच्या वर आली नाहीत. म्हणून सांगते, मशीनचं भाडं वाया गेलं तरी चालेल, वाफसा नसताना चालवू नका.

तुम्ही हळद लावणार आहात, म्हणजे मेच्या मध्यापासून लागवड धरायची. त्या वेळी पावसाचा भरवसा नाही. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये एकदा ट्रॅक्टरने नांगरून घ्या आणि ढेकळं तशीच उन्हात तापू द्या. त्यांना रोटाव्हेटर लावून फोडायची घाई करू नका. तापलेल्या ढेकळावर वळवाचं पाणी पडलं की ते आपोआप खिळखिळं होतं, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतं. वळीव आला नाही तर स्प्रिंकलर दोन-तीन तास चालवा, चार दिवस जाऊ द्या, मग रोज सकाळी तो लाडू करून बघा. तुरीची आणि पऱ्हाटीची (कपाशीची) धसकटं मात्र आधीच वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर टाका. ती पात्यांच्या दांड्याला गुंडाळली की अर्धा दिवस सोडवण्यातच जातो.

आता वाफा मधे खोलगट का राहिला ते बघू. रिजर हे वाफा करायचं अवजारच नाही. तो सरी पाडतो आणि सरीतली माती दोन्हीकडे फेकतो. वाफा तयार होतो तो दोन सऱ्यांच्या मधे. तुमच्या मशीनचा रिजर माती जेमतेम फूटभर लांब फेकतो. तुम्ही दोन सऱ्या पाच फुटांवर पाडल्या असतील तर मधल्या पट्ट्यात एक ढेकूळही पोचलं नसेल. मग काठ उंच, मध्य खाली. पाणी मधे साचतं आणि वाट मिळेल तिथून काठ फोडून बाहेर पडतं. तुमचे काठ ढासळले ते याचमुळे, माती कच्ची होती म्हणून नाही.

हळदीसाठी सरीच्या मध्यापासून दुसऱ्या सरीच्या मध्यापर्यंत चार फूट धरा, म्हणजे १२० सेंमी. त्यात माथा दोन ते अडीच फूट मिळतो आणि हळदीच्या दोन ओळी एक फुटावर बसतात. एका गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे गुंठ्यात आठ वाफे. वांग्या-मिरचीलाही हेच माप ठेवा. दोन पिकांना दोन मापं केली की पुढच्या वर्षी फेरपालटात सगळा गोंधळ होतो.

आखणी दोरीने करा, डोळ्याने नाही. दोन्ही टोकांना खुंट्या, त्यावर सुतळी, सुतळीच्या खाली राखेची रेघ. मशीनचा मधला भाग राखेवर ठेवायचा आणि नजर समोरच्या खुंटीवर. पायाखाली बघत चाललं की सरी हमखास वाकडी जाते.

आणि आखायच्या आधी उतार बघा. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची जी पद्धत बसवली, तिच्यात सरीला ०.४ ते ०.८ टक्के उतार देतात. आपल्या भाषेत शंभर फुटांना पाच ते दहा इंच. यापेक्षा जास्त दिला तर माती वाहून जाते, कमी दिला तर पाणी तुंबतं. गवंड्याकडे पाणी भरलेली लेव्हलची पारदर्शक नळी असते, ती एक तास मागून आणा. घरामागची जागा आपल्याला सपाट वाटते, पण नळी लावल्यावर फूटभराचा फरक निघतो. सऱ्यांच्या खालच्या टोकाला एक आडवी नाली काढून ती नाल्याकडे किंवा शेततळ्याकडे न्या. नाली नसेल तर सगळ्या सऱ्यांचं पाणी शेवटच्या दहा फुटांत थांबेल आणि तिथली हळद कुजेल.

मशीनची मांडणी. पुढच्या पात्यांचे बाहेरचे संच काढून टाका, फक्त आतले ठेवा. सगळी पाती ठेवली तर ती रिजरपेक्षा रुंद चालतात आणि नुकताच झालेला वाफ्याचा खांदा खरवडून टाकतात. पहिल्या फेरीत रिजरचे पंख मिटलेले, खोली तीन-चार इंचच. पूर्ण वावर असं एकदा करून घ्या. मग कुजलेलं शेणखत सऱ्यांच्या मधल्या पट्ट्यांवर पसरा, दहा गुंठ्यांना एक ट्रॉली. दुसऱ्या फेरीत पंख उघडा आणि खोल जा, म्हणजे सरीची माती त्या शेणखतावर पडते आणि खत वाऱ्याउन्हात उघडं राहत नाही. पहिल्याच फेरीत पूर्ण खोली घ्यायला गेलं की इंजिन दम टाकतं, मशीन उधळते आणि माणूस हॅन्डलवर लोंबकळतो. रिजरची चोच फार खाली झुकली असेल तर तो जमिनीत घुसून अडकतो, फार वर असेल तर नुसता घसरत चालतो. एक-एक भोक पिन बदलून बघा.

वाफ्याची उंची किती, हे सरीच्या तळापासून मोजा. लोक आधीच्या जमिनीपासून मोजतात आणि निराश होतात. उंचीचा मोठा भाग माती चढल्याने नाही, सरी खोल गेल्याने येतो. मोकळी माती नंतर दबते, म्हणून दहा इंच करा, पावसानंतर सात-आठ राहतील.

दुसऱ्या फेरीनंतरही मधे थोडी खोलगट रेघ राहतेच. त्यावर मशीन पुन्हा नको. दाताळ्याने दोन्ही काठांची माती मधे ओढा आणि मागून अडीच फुटांची फळी फिरवा. माथा किंचित कासवाच्या पाठीसारखा ठेवा. हे काम घरच्या दोघांनी केलं तर गुंठ्याला अर्धा-पाऊण तास लागतो, पण वाफा वर्षभर टिकतो तो या अर्ध्या तासाने.

तुमच्या दहा गुंठ्यांत सऱ्यांची एकूण लांबी साधारण २,७०० फूट भरते. तीन फेऱ्या धरल्या तरी अडीच किलोमीटर चालणं. सकाळी सहाला सुरू केलं तर ऊन चढायच्या आत मशीनचं काम संपतं. एवढ्यासाठी बेड मेकर कशाला? तो ओढायला वजनदार टिलर लागतो, तुमच्या मशीनची चाकं जागच्या जागी फिरतील. पैसे खर्च करायचेच असतील तर लोखंडी चाकं घ्या. रबरी टायरच्या खाचा आपल्या मातीत दहा पावलांत भरतात.

रिजरच्या पंखांबद्दल एक सांगायचं राहिलं, आणि हे दुकानदार सांगत नाही. काळी माती गंजलेल्या पत्र्यावरून घसरत नाही, चिकटते. पंखावर मातीचा थर बसला की तो माती फेकत नाही, पुढे ढकलत नेतो आणि सरी उथळ होते. माझ्या रिजरला मी सुरुवातीला वाळूने घासून आरशासारखा केला. काम संपलं की पुसून जुनं इंजिन ऑइल लावून ठेवते. काम करताना खिशात खुरपं असतं, दर दोन सऱ्यांनी पंख खरवडायचे. वाफसा बरोबर असेल तर खरवडावं लागतच नाही, हीसुद्धा एक खूण समजा.

कृपा करून हे नीट वाचा: मागे घेताना पाती फिरती ठेवू नका. माणूस मागे सरतो, मागे नेमकी झालेली सरी असते, पाय अडखळतो आणि मशीन अंगावर येते. वळणावर इंजिन हळू करा, पाती बंद करा, मग मागे घ्या. पात्यांत काही गुंतलं तर नुसतं न्यूट्रल पुरत नाही, इंजिन बंद करूनच हात घाला. पायात बूट हवेत, चप्पल नाही. मी मशीन धरते तेव्हा ओढणी घरी ठेवते, धोतर किंवा खांद्यावरचा शेलाही नको. लहान मुलं बघायला येतातच, त्यांना धुऱ्यावर बसवायला एक माणूस ठेवा.

वाफे झाल्यावर ते दरवर्षी मोडू नका. माझ्या जुन्या पट्ट्यातले वाफे चार वर्षांपासून त्याच जागी आहेत. माणूस, मशीन, पाइप सगळं सरीतून जातं, माथ्यावर पाय पडत नाही. दरवर्षी फक्त सरीत एक फेरी मारून घसरलेली माती वर चढवते. हळद अडीच-तीन महिन्यांची झाली की भरणीसाठीही (बुडाशी माती चढवायला) हाच रिजर पंख मिटवून सरीत चालतो, फक्त पानं झाकली जाणार नाहीत एवढा हळू. सारखं रोटाव्हेटिंग केलं तर माती पिठासारखी होते, पावसाच्या पहिल्या सरीने वर पापडी धरते, आणि पात्यांच्या खाली तव्यासारखा कडक थर बसतो. पाणी खाली मुरत नाही आणि हळदीचे गड्डे चपटे निघतात.

उंच वाफा पावसाळ्यात जीव वाचवतो, उन्हाळ्यात तोच जीव घेतो. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, चारही बाजूंनी उघडा वाफा दुपारपर्यंत कोरडा ठणठणीत होतो. उन्हाळी सांबार (कोथिंबीर), पालक, भेंडीसाठी चार इंचांचा ठेंगणा वाफा पुरे. हळदीच्या वाफ्यावर लागवडीनंतर लगेच सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार (भुसकट) तीन बोटं जाड टाका आणि माथ्याच्या मधून ठिबकची नळी घ्या. तुमच्या तालुक्यातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, जमीन तीच आहे, बेणं तिथलंच निवडून घ्या. एकरी दहा क्विंटलच्या हिशेबाने दहा गुंठ्यांना अडीच क्विंटल जेठे गड्डे (मातृकंद) लागतील.

अनुदानाचं थोडक्यात: पुढे एखादं अवजार घ्यायचं ठरलंच तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात आधी अर्ज करा आणि पूर्वसंमती आल्याशिवाय बिल फाडू नका. आधी घेतलेल्या अवजाराचं अनुदान मिळत नाही.

पहिला मोठा पाऊस पडत असतानाच छत्री आणि फावडं घेऊन सरीसरीने एकदा फिरून या. पाणी जिथे थांबलेलं दिसेल तिथे तेव्हाच खुंटी ठोकून ठेवा. उघडीप पडली की ती जागा ओळखू येत नाही. वाफसा आल्यावर त्या खुंट्यांपाशी सरीचा तळ फावड्याने दोन बोटं खाली घ्या.