जपानीत ‘आमाइ’ म्हणजे गोड, मग ‘कांगाए गा आमाइ’ म्हणजे काय? असे शब्द लक्षात कसे ठेवायचे?

‘कांगाए’ म्हणजे विचार. तुमचा विचार अजून कच्चा आहे, पुढच्या अडचणी तुम्ही धरलेल्याच नाहीत, हे सांगायला ‘कांगाए गा आमाइ’ म्हणतात. ऐकायला गोड वाटलं तरी ती कानउघाडणी आहे.

‘आमाइ’ला फक्त साखरेशी बांधू नका, ‘काराइ’ म्हणजे तिखटाच्या समोर उभा करून बघा. जपानी दुकानात करीच्या मसाल्याच्या खोक्यांवर ‘आमाकुचि’, ‘चुउकारा’, ‘काराकुचि’ असं छापलेलं असतं. आमाकुचि म्हणजे सगळ्यात कमी तिखट. मीठ लावलेल्या साल्मन माशावर ‘आमाजिओ’ लिहिलं असेल, तर तो मासा बेताच्या मिठाचा. आपण गोडं वरण, गोडं पाणी म्हणतो ना, अगदी तसंच: त्यात साखर नसते, तिखट किंवा खार नसतो. मराठी माणसाला हा धागा घरातच मिळतो.

लाक्षणिक अर्थ इथूनच फुटतात. जिथे कस किंवा कडकपणा हवा, तिथे तो कमी पडला की आमाइ. ‘साइतेन गा आमाइ’ म्हणजे पेपर सढळ हाताने तपासलेत. कडक तपासले तर तिथेही ‘काराइ’च येतं. ‘नेजि गा आमाइ’ म्हणजे स्क्रू नीट आवळलेला नाही. ‘पिंतो गा आमाइ’ म्हणजे फोटोचा फोकस जरा हुकलाय. माझा सगळ्यात आवडता वापर ‘त्सुमे गा आमाइ’: काम छान चाललेलं असतं आणि अगदी शेवटच्या टप्प्यात ढिलाई होते.

म्हणून वहीत ‘आमाइ’पुढे गोड, सौम्य, ढिला, भाबडा अशी यादी करू नका. नाम आणि मधला प्रत्यय धरून आख्खा तुकडा लिहा आणि मोठ्याने म्हणा. ‘कोदोमो नि आमाइ’ (मुलांचे फार लाड करणारा) यात ‘गा’ नाही, ‘नि’ आहे, आणि तो ‘नि’च सांगतो की ढिलाई कोणाच्या बाबतीत आहे. ‘शिकेन ओ आमाकु मिरु’, म्हणजे परीक्षेला हलक्यात घेणं, हाही असाच अखंड पाठ करा.

आणि ‘कांगाए गा आमाइ’ शिक्षकांना किंवा वरिष्ठांना कधीही म्हणू नका, फार उद्धट वाटतं. स्वतःबद्दल मात्र ‘कांगाए गा आमाकात्ता देसु’, माझा अंदाज चुकला, मी पुरेसा विचार केला नव्हता, असं बिनधास्त म्हणा. जपानी माणसंही तसं म्हणतात.