डिसेंबरात वर्ध्याहून सायकल नेऊन अलिबाग ते रत्नागिरी जमेल का?

जमते ना भाऊ, पण आपल्याकडं सपाट डांबरीवर दिवसाला शंभर किमी मारता म्हणून तिथंबी माराल असं समजू नका. कोकणात दर खाडीपाशी उतार अन् लगेच खडा चढ, ५०-६० किमीतच जीव निघते. गिअरवाली सायकल पायजेच.

सायकल रेल्वेत पार्सलनं मुंबईले न्या, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्या नेणाऱ्या) बोटीनं मांडवा, मंग अलिबाग, मुरुड. पुढं खाड्या फेरीबोटीनंच पार करायच्या: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सायकल बोटीत चढते अन् लांबचा वळसा वाचते, फक्त शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशीच तिथल्या मानसाले इचारून घ्या, नाईतर काठावरच मुक्काम. उत्तरेकून दक्षिणेलेच जा, दुपारचा वारा बहुतेक पाठीशी राहते.

आपल्यासारखी हुडहुडी तिकडं नाई, स्वेटर एकच बस झाला, पण दुपारी घाम लय, म्हणून पहाटे निघा. नाताळ ते १ जानेवारी टाळा, खोल्या भेटत नाईत अन् गाड्यायची गर्दी. निघायच्या आधी टायरातले बाभळीचे काटे तेवढे काढून घ्या बावा.